स्टुडिओ मॉनिटर आणि खोलीचे ध्वनिशास्त्र

ध्वनिमुद्रण, संकलन व मिक्सिंग करताना ध्वनी काटेकोरपणे पारखण्यासाठी जे ध्वनिवर्धक वापरतात, त्यांना स्टुडिओ मॉनिटर म्हणतात. खोलीचा आकार, तिच्या भिंतींचे साहित्य, आतील सामान आणि मॉनिटर व श्रोता यांची जागा यांमुळे मॉनिटरमधून निघालेला ध्वनी कानापर्यंत पोहोचेपर्यंत बराच बदलतो. या बदलाचा अभ्यास हा स्थापत्य ध्वनिशास्त्राचा एक भाग आहे. लहान खोलीत, विशेषतः सुमारे २५० हर्ट्झच्या खाली, ऐकू येणाऱ्या ध्वनीचे स्वरूप मॉनिटरपेक्षा खोलीच अधिक ठरवते. त्यामुळे उत्तम प्रतीचा मॉनिटर वाईट खोलीत ठेवला, तर त्याच्यावर विसंबून केलेले मिक्सिंग दुसरीकडे वाजवताच फसवे ठरते.

मॉनिटरचे प्रयोजन

घरगुती ध्वनिवर्धकाने संगीत सुखद करून ऐकवले, तर कोणाची तक्रार नसते. मॉनिटरकडून मात्र सुखदतेची नव्हे, प्रामाणिकपणाची अपेक्षा असते. सर्व वारंवारता सारख्याच जोराने, काही न वाढवता व न लपवता ऐकवणे हे त्याचे काम होय. चांगल्या मॉनिटरच्या माहितीपत्रकात त्याचा वारंवारता-प्रतिसाद अधिक-उणे दोन-तीन डेसिबलच्या आत सपाट असल्याचे नमूद केलेले असते. परंतु हे मोजमाप निनादरहित कक्षात, म्हणजे जेथे भिंती, जमीन व छत सर्व ध्वनी गिळून टाकतात अशा ठिकाणी घेतलेले असते. असा कक्ष कोणाच्या घरात नसतो. तोच मॉनिटर सर्वसाधारण खोलीत ठेवून श्रोत्याच्या जागी मोजणी केली, तर खालच्या वारंवारतांमध्ये १५ ते २० डेसिबलचे चढउतार सहज आढळतात. माहितीपत्रकातील दोन डेसिबलच्या फरकासाठी दुप्पट किंमत मोजणाऱ्याने हा आकडा अवश्य ध्यानात घ्यावा.

थेट ध्वनी व परावर्तित ध्वनी

मॉनिटरमधून निघालेला ध्वनी दोन मार्गांनी कानाशी येतो. पहिला सरळ येतो. दुसरा भिंती, छत, जमीन व टेबल यांवर आपटून काही मिलिसेकंद उशिरा येतो. हवेत २० अंश सेल्सियस तापमानाला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो, म्हणजे एका मिलिसेकंदात ध्वनी सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. लहान खोलीतले पहिले परावर्तित ध्वनी त्यामुळे फार लवकर, थेट ध्वनीच्या पाठोपाठच येतात. मनुष्याचा कान त्यांना वेगळा प्रतिध्वनी म्हणून ओळखत नाही. जर्मनीतील हेल्मुट हास यांनी १९४९ साली आपल्या प्रबंधात दाखवून दिले, की सुमारे ३० मिलिसेकंदांच्या आत येणारे परावर्तन मूळ ध्वनीतच मिसळून जाते व ध्वनीची दिशा आधी आलेल्या ध्वनीवरूनच ठरते. या आविष्काराला हास परिणाम म्हणतात. परावर्तन वेगळे ऐकू आले नाही, तरी त्याचा परिणाम मात्र होतोच. तो ध्वनीच्या रंगात, म्हणजे नादगुणात, उतरतो आणि म्हणूनच तो ओळखणे अवघड असते.

खोलीत ज्या अंतरावर थेट ध्वनी व परावर्तित ध्वनी सारख्याच तीव्रतेचे होतात, त्या अंतराला क्रांतिक अंतर म्हणतात. १० × १२ फूट व साडेनऊ फूट उंचीच्या खोलीचे घनफळ सुमारे ३२ घनमीटर भरते. तिचा निनादकाळ अर्धा सेकंद धरला, तर सर्व दिशांना सारखा ध्वनी देणाऱ्या उगमासाठी हे अंतर अर्ध्या मीटरहूनही कमी येते. उच्च वारंवारतांना मॉनिटर समोरच्या दिशेने अधिक ध्वनी देतो, त्यामुळे तेथे हे अंतर वाढते. मॉनिटर जवळ, साधारण एक मीटरवर ठेवून ऐकण्याच्या पद्धतीमागे हेच कारण आहे.

स्थिर तरंग

खोलीच्या परिणामांपैकी सर्वांत प्रबळ व सर्वांत हट्टी परिणाम स्थिर तरंगांचा होय. समोरासमोरच्या दोन भिंतींमधील अंतर एखाद्या ध्वनितरंगाच्या अर्ध्या लांबीइतके किंवा तिच्या पूर्ण पटीत असेल, तर जाणारा व परत येणारा तरंग एकमेकांत मिसळून जागच्या जागी उभे राहिल्यासारखे स्पंदन निर्माण करतात. त्या वारंवारतेला खोली अनुस्पंदन करते. साध्या मराठीत, खोली घुमते. अशी सर्वांत खालची वारंवारता काढण्यासाठी ध्वनीच्या वेगाला भिंतींमधील अंतराच्या दुपटीने भागावे. दहा फुटांच्या, म्हणजे ३.०५ मीटरच्या अंतराला हे उत्तर सुमारे ५६ हर्ट्झ येते. त्याच्या दुपटीला व तिपटीला, म्हणजे ११२ व १६९ हर्ट्झलाही तीच गोष्ट घडते.

हा अनुभव कोणालाही नवा नाही. न्हाणीघरात गाताना आवाज एका विशिष्ट सुरावर एकाएकी भरदार होतो. चार फूट रुंदीच्या न्हाणीघराची पहिली अनुस्पंदन वारंवारता सुमारे १४० हर्ट्झ असते. काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा असतो. अशा गायकाला न्हाणीघर आपल्या षड्जाला साथ देत आहे असे वाटले, तर त्यात नवल नाही. मिक्सिंगच्या खोलीत मात्र हीच साथ घातक ठरते, कारण ती मुद्रणात नसते, फक्त खोलीत असते.

स्थिर तरंगात ध्वनिदाबाचे वाटप खोलीभर सारखे नसते. भिंतीपाशी दाब महत्तम असतो. पहिल्या अनुस्पंदनाच्या वेळी खोलीच्या बरोबर मध्यभागी तो जवळजवळ शून्य होतो. म्हणून एकाच खोलीत एकच सूर एका जागी छातीवर आदळतो आणि दोन पावलांवर नाहीसा होतो. मॉनिटरमधून ५० ते ६० हर्ट्झचा शुद्ध सूर अखंड वाजवत ठेवून खोलीत हळूहळू चालून पाहिल्यास हे कोणत्याही उपकरणाविना कळते. विद्यार्थ्यांनी हा प्रयोग जरूर करावा. आवाज मात्र मध्यम ठेवावा, कारण कानाला हा सूर मंद वाटला तरी मॉनिटरच्या पडद्याची हालचाल मोठी असते.

लांबी, रुंदी व उंची ही मापे एकमेकांच्या जवळ असतील, तर तिन्ही दिशांची अनुस्पंदने एकाच वारंवारतेवर येऊन एकमेकांना बळ देतात. दहा बाय दहाची व दहा फूट उंचीची खोली या दृष्टीने सर्वांत वाईट होय. तिच्यात तिन्ही दिशा ५६ हर्ट्झवरच घुमतात आणि मधल्या कित्येक वारंवारतांना आधारच मिळत नाही. मघाशी घेतलेल्या १० × १२ × साडेनऊ फुटांच्या खोलीत हीच अनुस्पंदने ४७, ५६ व ५९ हर्ट्झवर विभागली जातात. ही विभागणीही आदर्श नाही, परंतु घनाकृती खोलीपेक्षा बरी. खोलीची मापे कोणत्या प्रमाणात असावीत यावर बरेच संशोधन झाले असून रिचर्ड बोल्ट यांनी १९४६ साली मांडलेली प्रमाणे त्यांपैकी विशेष प्रसिद्ध आहेत. ज्यांना खोली बांधायची नसून आहे ती वापरायची आहे, त्यांना या प्रमाणांचा उपयोग खोली निवडण्यापुरताच होतो.

वारंवारता वाढते तशी अनुस्पंदने इतकी दाट होतात, की ती वेगवेगळी जाणवत नाहीत. ही सीमा जर्मन भौतिकशास्त्रज्ञ मानफ्रेड श्रोडर यांच्या नावाने ओळखली जाते. निनादकाळाला (सेकंदांत) खोलीच्या घनफळाने (घनमीटरांत) भागून आलेल्या उत्तराचे वर्गमूळ घ्यावे व त्याला २००० ने गुणावे, म्हणजे श्रोडर वारंवारता हर्ट्झमध्ये मिळते. वरील खोलीसाठी ती सुमारे २५० हर्ट्झ येते. मोठ्या सभागृहात हीच सीमा ३० हर्ट्झच्याही खाली जाते. सभागृहात स्थिर तरंगांचा प्रश्न सहसा जाणवत नाही आणि झोपण्याच्या खोलीत थाटलेल्या स्टुडिओत तोच मुख्य प्रश्न बनतो, त्याचे कारण हे.

भारतीय संगीताच्या ध्वनिमुद्रणात या सीमेखाली पुष्कळ काही असते. काळी एकच्या तंबोऱ्यातील खर्जाच्या तारेची मूळ वारंवारता सुमारे ६९ हर्ट्झ असते. तंबोऱ्याचा नाद मुख्यतः उपस्वरांनी बनलेला असल्यामुळे खोलीने मूळ वारंवारता गिळली, तरी खर्ज ओळखता येतो. डग्ग्याचे तसे नाही. त्याचा घुमारा खालच्या मूळ स्वरातच असतो आणि मनगटाच्या दाबाने तबलावादक तो स्वर खालीवर सरकवतो. सरकताना तो खोलीच्या एखाद्या अनुस्पंदनावरून गेला, की तेवढ्यापुरता फुगतो व पुढे विरतो. वादकाने सलग काढलेली मींड मॉनिटरवर खडबडीत ऐकू येते. मिक्सिंग करणारा मग नसलेला दोष दुरुस्त करू लागतो, आणि त्याने कमी केलेला डग्गा दुसऱ्या कोणाच्या घरी पोकळ वाजतो. पाश्चात्त्य वाद्यवृंदातील बास गिटारचीही हीच कथा आहे. तिची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झची असते.

बांधकामाच्या साहित्याचाही येथे मोठा वाटा आहे. अमेरिकेत व युरोपात घरांच्या आतील भिंती पुष्कळदा लाकडी चौकटीवर जिप्समचे तक्ते ठोकून केलेल्या असतात. असे तक्ते खालच्या वारंवारतांना स्वतः थोडे कंप पावतात व त्यांतील काही ऊर्जा शोषून घेतात. आपल्याकडील विटांच्या किंवा काँक्रीटच्या, गिलावा केलेल्या भिंती जवळजवळ हलत नाहीत. खालचा ध्वनी त्या परत पाठवतात आणि फरशीही तेच करते. शेजाऱ्यांच्या दृष्टीने अशी भिंत चांगली, पण मॉनिटरच्या दृष्टीने ती अवघड. परदेशी पुस्तकांतील उपाय येथे जसेच्या तसे लागू केल्यास खालच्या वारंवारतांसाठी ते बहुधा अपुरे पडतात.

भिंतीलगतचे व्यतिकरण

खालच्या वारंवारतांना मॉनिटर केवळ समोर नव्हे, तर सर्व दिशांना ध्वनी देतो. मागे गेलेला ध्वनी पाठच्या भिंतीवरून परतून समोरच्या ध्वनीत मिसळतो. मॉनिटरच्या दर्शनी भागापासून त्या भिंतीपर्यंतचे अंतर तरंगलांबीच्या पाव पट असेल, तर परतलेला ध्वनी अर्धी तरंगलांबी मागे पडून विरुद्ध कलेत येतो आणि ती वारंवारता श्रोत्यासाठी खूपच क्षीण होते. हे अंतर एक मीटर असता सुमारे ८६ हर्ट्झला, ६० सेंटिमीटर असता १४३ हर्ट्झला आणि ३५ सेंटिमीटर असता २४५ हर्ट्झला खड्डा पडतो. याउलट, अगदी खालच्या वारंवारतांना भिंत ध्वनी वाढवते. एका भिंतीलगत ही वाढ तत्त्वतः ६ डेसिबलपर्यंत असते आणि कोपऱ्यात, जेथे दोन भिंती व जमीन एकत्र येतात तेथे, ती त्याहून पुष्कळ अधिक होते. मॉनिटर कोपऱ्यात ठेवू नये हा संकेत यातूनच आला.

‘मॉनिटर भिंतीपासून दूर ठेवावा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. लहान खोलीसाठी तो बहुतेक वेळा चुकीचा ठरतो. मॉनिटर एक मीटर पुढे आणल्याने खड्डा जात नाही, उलट तो डग्गा व बास यांच्या नेमक्या प्रदेशात येऊन बसतो. तो आणखी खाली ढकलण्यासाठी दोन मीटर वा अधिक अंतर लागते, आणि तेवढी जागा दहा-बारा फुटांच्या खोलीत नसते. त्यापेक्षा मॉनिटर भिंतीच्या शक्य तितका जवळ ठेवून खड्डा २५० हर्ट्झच्या आसपास चढवावा, कारण तेथे मागच्या भिंतीवर लावलेले १०-१५ सेंटिमीटर जाडीचे शोषक परिणामकारक ठरते. भिंतीमुळे वाढलेला खालचा ध्वनी मॉनिटरच्या मागील बाजूस असलेल्या स्विचने कमी करता येतो. मोठ्या स्टुडिओंत मुख्य मॉनिटर भिंतीतच बसवतात. त्यामुळे मागे जाणारा ध्वनीच उरत नाही व हा प्रश्न मुळातून नाहीसा होतो.

श्रोत्याची जागाही तितकीच महत्त्वाची आहे. खोलीच्या बरोबर मध्यभागी बसल्यास पहिले अनुस्पंदन ऐकूच येत नाही, आणि पाठच्या भिंतीला टेकून बसल्यास खालचे सर्व काही फुगलेले ऐकू येते. समोरच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या सुमारे ३८ टक्के अंतरावर बसावे, असा एक ढोबळ नियम रूढ आहे. तो आरंभ करण्यासाठी ठीक असून अंतिम जागा ऐकून वा मोजूनच ठरवावी लागते. दोन्ही मॉनिटर व श्रोत्याचे डोके यांचा समभुज त्रिकोण व्हावा आणि डावी-उजवी भिंत दोन्ही मॉनिटरांपासून समान अंतरावर असावी. एका बाजूला भिंत व दुसऱ्या बाजूला उघडी खिडकी किंवा दार असेल, तर मध्यभागी मुद्रित केलेला गायकाचा आवाज एका बाजूला झुकलेला भासतो.

टेबल व जवळची परावर्तने

मॉनिटरच्या व श्रोत्याच्या मध्ये बहुधा एक टेबल असते. त्याच्या सपाट पृष्ठभागावरून येणारे परावर्तन सर्वांत आधी व पुष्कळ जोराने येते. मॉनिटर व कान दोन्ही टेबलापासून ३० सेंटिमीटर उंच आणि परस्परांपासून एक मीटरवर असतील, तर परावर्तित ध्वनीला सुमारे १७ सेंटिमीटर अधिक अंतर कापावे लागते. त्यामुळे तो अर्धा मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. परिणामी १०००, ३००० व ५००० हर्ट्झच्या आसपास खड्डे व त्यांच्या मधल्या वारंवारतांना उंचवटे निर्माण होतात. आलेखावर हा आकार कंगव्याच्या दात्यांसारखा दिसतो, म्हणून त्याला कंगवा-गाळणी म्हणतात. मानवी आवाजातील शब्दांची स्पष्टता याच पट्ट्यात असल्यामुळे गायनाच्या मिक्सिंगवर याचा थेट परिणाम होतो. मॉनिटर उंच करून किंचित खाली झुकवणे, स्वतंत्र स्टँडवर टेबलाच्या मागे ठेवणे आणि टेबल लहान घेणे हे उपाय स्वस्त व गुणकारी आहेत. बाजूच्या भिंतींवर व छतावर परावर्तन कोठून येते हे आरशाने शोधता येते. एकाने भिंतीवर आरसा सरकवत न्यावा आणि श्रोत्याच्या जागी बसलेल्याला ज्या ठिकाणी आरशात मॉनिटर दिसेल ती जागा खुणेने नोंदवावी.

निनादकाळ व शोषण

ध्वनीचा उगम थांबल्यावर त्याची पातळी ६० डेसिबलने उतरण्यास लागणाऱ्या वेळेस निनादकाळ म्हणतात. या शास्त्राचा पाया अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे वॉलेस क्लेमंट सॅबिन यांनी घातला. तेथील फॉग कला संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात वक्त्याचे शब्द एकमेकांत मिसळून काहीच कळत नसे. १८९५ साली हे काम तरुण सॅबिन यांच्याकडे सोपवण्यात आले. शेजारच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, ऑर्गनच्या नळीने ध्वनी काढायचा आणि तो विरेपर्यंतचा वेळ घड्याळाने व स्वतःच्या कानाने मोजायचा, असे प्रयोग त्यांनी दीर्घकाळ केले. रिकाम्या सभागृहाचा निनादकाळ साडेपाच सेकंदांच्या आसपास होता. या प्रयोगांतून निघालेले सूत्र आजही वापरात आहे. घनफळाला ०.१६१ ने गुणून एकूण शोषणाने भागले, की निनादकाळ मिळतो. १९०० साली खुले झालेले बोस्टनचे सिंफनी हॉल हे या सूत्राच्या आधारे रचलेले पहिले संगीतगृह मानले जाते.

आपल्या ३२ घनमीटरच्या खोलीत निनादकाळ अर्धा सेकंद असेल, तर तिचे एकूण शोषण सुमारे १० चौरस मीटर पूर्ण शोषकाइतके आहे असा त्याचा अर्थ होतो. निनादकाळ पाव सेकंदावर आणायचा, तर ते २१ चौरस मीटर करावे लागेल. भिंती, छत व जमीन मिळून तिचा पृष्ठभागच सुमारे ६१ चौरस मीटर असल्यामुळे हे काम कोपऱ्यात चार तुकडे चिकटवून होण्यासारखे नाही. तसेच सॅबिनचे सूत्र ध्वनी खोलीत सर्वत्र सारखा पसरला आहे असे गृहीत धरते. लहान खोलीत श्रोडर वारंवारतेच्या खाली ते लागू पडत नाही.

शोषकांचे दोन मुख्य प्रकार आहेत. काचलोकर, खनिजलोकर, फोम, गादी, जाड पडदे हे सच्छिद्र शोषक होत. त्यांच्या तंतूंमध्ये हवेचे कण घासतात व ध्वनीची ऊर्जा उष्णतेत बदलते. मात्र भिंतीला टेकून असलेले हवेचे कण हलतच नाहीत. त्यांची हालचाल भिंतीपासून पाव तरंगलांबीवर महत्तम असते. १०० हर्ट्झची तरंगलांबी ३.४३ मीटर, म्हणजे तिचा पाव भाग सुमारे ८६ सेंटिमीटर भरतो. यावरून एक इंच जाडीच्या फोमने खालच्या ध्वनीचे काय होते याची कल्पना यावी: काहीही होत नाही. असा फोम भिंतीभर लावल्यास वरच्या वारंवारता तेवढ्या नाहीशा होतात आणि खालच्या जशाच्या तशा घुमत राहतात. खोली शांत झाल्याचा भास होतो, पण मिक्सिंग पूर्वीपेक्षा बिघडते. अंड्यांच्या ट्रेविषयी तर न बोललेलेच बरे. पातळ पुठ्ठा ना ध्वनी शोषतो, ना अडवतो, आणि आगीला मात्र आमंत्रण देतो. अग्निरोधक प्रक्रिया न केलेला पॉलियुरेथेन फोमही झपाट्याने पेटतो व विषारी धूर सोडतो, त्यामुळे बंदिस्त खोलीत तो लावू नये. काचलोकर व खनिजलोकर जळत नाहीत. तंतू हवेत उडू नयेत म्हणून त्यांवर घट्ट कापड चढवणे आवश्यक असते.

खालच्या ध्वनीसाठी सच्छिद्र शोषक जाड हवे, भिंतीपासून काही अंतर सोडून लावलेले हवे आणि कोपऱ्यांत हवे, कारण सर्व अनुस्पंदनांचा दाब कोपऱ्यांत महत्तम असतो. जमिनीपासून छतापर्यंत कोपरा भरणारे असे शोषक ‘बास ट्रॅप’ या नावाने ओळखले जाते. दुसरा प्रकार अनुस्पंदी शोषकांचा. हवाबंद पेटीवर ताणलेला पातळ तक्ता किंवा एकोणिसाव्या शतकात हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी अभ्यासलेला अरुंद तोंडाचा पोकळ अनुस्पंदक विशिष्ट वारंवारतेलाच कंप पावतो व तिची ऊर्जा घेतो. कमी जाडीत खालचा ध्वनी शोषणे त्याला जमते, पण तो नेमक्या वारंवारतेला जुळवावा लागतो, आणि हे काम जाणकाराचे आहे. घरातील कापसाची जाड गादी कोपऱ्यात उभी करणे किंवा कपड्यांनी भरलेल्या कपाटाची दारे उघडी ठेवणे हे उपाय दिसायला विनोदी वाटले, तरी महागड्या पातळ फोमपेक्षा त्यांचा उपयोग निश्चित अधिक होतो.

ध्वनिशोषण व ध्वनिरोधन यांत नेहमी गल्लत होते. शोषक खोलीच्या आतला ध्वनी सुधारतात. शेजाऱ्याकडे जाणारा ध्वनी अडवण्यासाठी वजनदार व हवाबंद भिंती, दुहेरी दारे आणि मुख्य बांधणीपासून सुटी केलेली आतील खोली लागते.

मतभेद

सर्व परावर्तने शोषून टाकावीत का, याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीएस.१११६ या शिफारशीनुसार १००० ते ८००० हर्ट्झच्या पट्ट्यात पहिल्या १५ मिलिसेकंदांत येणारी परावर्तने थेट ध्वनीपेक्षा किमान १० डेसिबलने क्षीण असावीत. तिच्यातील सूत्राप्रमाणे आपल्या खोलीचा निनादकाळ ०.१७ सेकंदाच्या आसपास हवा. हीच शिफारस दोन मॉनिटरांच्या संदर्भ खोलीचे क्षेत्रफळ २० ते ६० चौरस मीटर असावे असेही सांगते. १० × १२ फुटांची खोली ११ चौरस मीटरचीच असते. स्टुडिओंची रचना करणाऱ्यांनी यावर वेगवेगळे मार्ग काढले. काहींनी मॉनिटरकडची बाजू शोषक व पाठची बाजू ध्वनी पांगवणारी केली. त्यासाठी श्रोडर यांनी १९७०च्या दशकात संख्या सिद्धांतातील क्रमिकांवरून कमी-अधिक खोलीच्या खाचांचे फलक सुचवले होते. काहींनी समोरची भिंत व जमीन सोडून बाकी सर्व पृष्ठभाग शोषक केले.

याउलट कॅनडातील संशोधक फ्लॉइड टूल यांनी अनेक वर्षांच्या श्रवणचाचण्यांच्या आधारे असे मत मांडले, की ध्वनिवर्धक बाजूच्या दिशांनाही सारख्याच गुणाचा ध्वनी देत असेल, तर बाजूच्या भिंतींवरील परावर्तने हानिकारक नसून श्रोत्यांना पुष्कळदा आवडतात. मिक्सिंग करणाऱ्याची गरज श्रोत्याहून वेगळी असू शकते हे त्यांनाही मान्य आहे. या वादात एक गोष्ट दोन्ही पक्ष मानतात, ती म्हणजे खालच्या वारंवारतांवर उपाय करावाच लागतो. मर्यादित पैशात काम करणाऱ्याने म्हणूनच बाजूच्या भिंतींआधी कोपऱ्यांकडे वळावे.

मोजणी व इलेक्ट्रॉनिक दुरुस्ती

सर्व दिशांनी सारखे ऐकणारा मोजणीचा मायक्रोफोन श्रोत्याच्या डोक्याच्या जागी ठेवून २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत चढत जाणारा सूर वाजवला, की संगणक खोलीचा प्रतिसाद काढून देतो. यासाठी रूम ईक्यू विझार्ड हे विनामूल्य सॉफ्टवेअर जगभर वापरले जाते. केवळ वारंवारतांचा आलेख पाहणे पुरेसे नसते. प्रत्येक वारंवारता विरण्यास किती वेळ घेते हे दाखवणारा धबधब्यासारखा त्रिमित आलेख अधिक बोलका असतो. सर्व सूर विरल्यावरही एखादी वारंवारता रेंगाळत राहिली, तर तेच खोलीचे अनुस्पंदन.

हा प्रतिसाद इक्वलायझरने किंवा स्वयंचलित सॉफ्टवेअरने सपाट करण्याची सोय आता अनेक मॉनिटरांतच असते. तिचा उपयोग मर्यादित आहे. अनुस्पंदनाने आलेला उंचवटा कमी करता येतो. खड्डा मात्र भरता येत नाही. कारण तेथे मॉनिटरने जोर वाढवला, की त्याला छेद देणारे परावर्तनही तेवढेच वाढते. १० डेसिबलची भर घालायची म्हणजे दसपट शक्ती खर्च करायची, आणि मिळवायचे काहीच नाही. शिवाय दुरुस्ती ज्या जागेसाठी केली त्या जागेपुरतीच खरी असते. बाजूला बसलेल्या संगीतकाराला ती अधिकच बिघडलेली ऐकू येते. शोषक व मांडणी यांचे काम संपल्यावर उरलेल्या लहान चढउतारांसाठी ती वापरणे योग्य होय.

खोलीतून सुटण्याचा मार्ग म्हणून हेडफोनवर मिक्सिंग करण्याची प्रथा वाढली आहे. हेडफोनला खोली नसते हे खरे, परंतु डाव्या बाजूचा ध्वनी उजव्या कानाला व उजव्या बाजूचा डाव्या कानाला थोडासाही पोहोचत नसल्यामुळे वाद्यांच्या जागा व निनादाचे प्रमाण यांचा अंदाज चुकतो. दोन्हींवर आलटून पालटून ऐकणे हा व्यवहार्य मार्ग आहे.

यामाहा एनएस-१०

खोली व मॉनिटर यांच्या नात्याचे एक लक्षणीय उदाहरण यामाहा कंपनीच्या एनएस-१० या ध्वनिवर्धकाचे आहे. १९७८ साली तो घरगुती वापरासाठी बाजारात आला व तेथे फारसा नावाजला गेला नाही. पुढे बॉब क्लिअरमाउंटन यांच्यासारख्या नामवंत मिक्सिंग अभियंत्यांनी तो स्टुडिओत वापरला आणि १९८०च्या दशकात पांढऱ्या शंकूचे हे ध्वनिवर्धक जगभरच्या स्टुडिओंत मिक्सिंगच्या टेबलावर दिसू लागले. त्याची पेटी बंदिस्त असल्याने खालचा ध्वनी तो फार कमी देतो, आणि जो देतो तो चटकन थांबतो. परिणामी खोलीची सर्वांत खालची अनुस्पंदने तो फारशी जागीच करत नाही. कन्सोलच्या वरच्या कडेवर, कानाच्या जवळ ठेवल्यामुळे थेट ध्वनीचे प्रमाणही वाढते. अभियंता एका स्टुडिओतून दुसऱ्यात गेला, तरी त्याला जवळपास तोच ध्वनी ऐकू येई. त्याचा मधला पट्टा कर्कश होता आणि तिथले दोष तो निर्दयपणे उघड करी. मात्र सर्वांत खालच्या सप्तकात काय चालले आहे हे त्यावर कळत नसे. त्यासाठी स्टुडिओच्या भिंतीत बसवलेले मोठे मॉनिटर अधूनमधून सुरू करून पाहावे लागत. एनएस-१० चे उत्पादन २००१ साली थांबले, तरी जुन्या जोड्या अनेक स्टुडिओंत अद्याप वापरात आहेत.